बसमधला थांबा

नियम मोडणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे कुठल्याही कचेरीला पाठ असतं. त्याला मेमो देता येतो, त्याची चौकशी लावता येते, अगदीच झालं तर बदली करता येते. सिद्रामप्पांनी नोकरीत एकही नियम मोडला नाही. त्यामुळे त्यांचं काय करायचं, हे आमच्या समितीला शेवटपर्यंत कळलं नाही.

समितीचं नाव ‘वृद्ध व अपंग वाहतूक साहाय्य समिती’. दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. शहरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अपंगांना दवाखान्यात, बाजारात, कामावर नेण्या-आणण्यासाठी एक बस चालवावी, म्हणून मुंबईहून अनुदान आलं. ते मार्चअखेर खर्च व्हायला हवं होतं आणि आलं होतं फेब्रुवारीत. बस घेण्याआधी बसचा विचार करायला कुणाला सवडच झाली नाही. जी मिळाली ती घेतली. तिची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येई, आणि मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, दोन्ही पाय शाबूत असलेला कारकून होतो.

या बसवर कंडक्टर म्हणून सिद्रामप्पा आले. मूळचे दुधनीकडचे. आधी कुठल्याशा खासगी मोटार सर्व्हिसवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उंच, किंचित वाकलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्म्याच्या एका काडीला दोरा. रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना नियमपुस्तिका दिली. त्यांनी ती हातावर तोलून विचारलं, “किती पानं?”

“बावीस.”

“मग उद्या रजा द्या. वाचून येतो.”

तिसऱ्या दिवशी आले तेव्हा पुस्तिका लाल फडक्यात बांधलेली होती. घरातल्या पोथीला असतं तसलं फडकं.

“वाचलं. चांगलं हाय,” ते म्हणाले. “कुणी लिवलंय?”

“मुंबईला लिहितात.”

“त्येंनी बस बघितलीया का?”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण सिद्रामप्पा चेष्टा करत नसत. त्यांना खरोखरच ठाऊक करून घ्यायचं होतं, आणि मी नाही म्हटल्यावर त्यांनी “बरं” म्हणून मान डोलावली. जणू आता कुठल्या बाजूने दोरी धरायची ते समजलं. नियमाविषयी ते बैलाविषयी बोलावं तसं बोलत. “मागनं ढकलला की लाथ मारतोय,” ते म्हणत. “कासरा धरून म्होरं चालायचं. मुकाट येतोय.”

बसचं उद्घाटन सात रस्त्याच्या चौकात झालं. मांडव होता, हार होते, भाषणांत समाजाचं ऋण होतं. सहा लाभार्थी पहिल्या रांगेत बसवले होते. ती रांग उन्हात होती, कारण सावली पाहुण्यांना पुरेल एवढीच होती. फीत कापून झाल्यावर अध्यक्ष, आमचे सचिव जहागीरदारसाहेब आणि इतर मान्यवर बसमध्ये चढायला निघाले, तेव्हा दारात सिद्रामप्पा उभे होते.

“पास,” ते म्हणाले.

अध्यक्ष हसले. “अरे, मी अध्यक्ष.”

“व्हय सायेब. अध्यक्षाला पास लागत न्हाय असं हितं लिवलेलं न्हाय. साठ झाली का?”

“अठ्ठावन्न.”

“मग अपंगत्व सांगा. दिसत नसलं तरी चालतंय. दाखला पायजे.”

बँडवाल्यांनीसुद्धा वाजवायचं थांबवलं. जहागीरदारसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सिद्रामप्पांच्या चेहऱ्यावर मात्र उर्मटपणाचं नाव नव्हतं. अडचणीत सापडलेल्या पाहुण्याला वाट शोधून द्यावी तसं त्यांनी लाल फडकं सोडलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. चाचणी फेरीत तांत्रिक कर्मचारी बसू शकत होते. त्यांनी वही पुढे केली. अध्यक्ष, एक वकील, एक सराफ, एक तुपाचे व्यापारी आणि त्यांच्याबरोबर आलेले सात जण, असे अकरा तांत्रिक कर्मचारी सह्या करून बसमध्ये चढले. बस शहरभर फिरून आली. तोवर सहा लाभार्थी मांडवात पेढे खात होते. त्यांच्याकडेही पास नव्हते. ते जसे टांग्यांतून आले होते, तसे टांग्यांतून घरी गेले.

पास मिळणं सोपं नव्हतं. आमची कचेरी एका कापडदुकानाच्या वर होती. बावीस पायऱ्यांचा अरुंद जिना, कठड्याच्या जागी दोरी. अर्जदाराने कार्यालयात समक्ष हजर राहायचं, असा नियम. जहागीरदारसाहेबांचं म्हणणं असं, की जो जिना चढून वर आला तो अपंग कसला, आणि जो वर आलाच नाही त्याचा अर्ज आम्हाला मिळाला नाही. या दोन वाक्यांत फट नव्हती. दोन महिने एकही पास गेला नाही. बस मात्र वेळापत्रकाप्रमाणे सुटत होती. नऊ थांब्यांवर एकेक मिनिट थांबत होती, सिद्रामप्पा दर वेळी घंटी देत होते आणि ती पुढे जात होती. ड्रायव्हर हुसेनभाई तोंडात पान धरून म्हणायचे, “अप्पा, आज तो हवा भोत बैठी है गाडी में. पास पूछे क्या?”

“हवेला वय न्हाय, हुसेनभाई,” सिद्रामप्पा शांतपणे सांगायचे.

मग एके दिवशी गायकवाड गुरुजी आले. निवृत्त शाळामास्तर. टेंभुर्णीजवळ ट्रकच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. ते जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकत आले. बावीस पायऱ्या. वर पोचल्यावर त्यांनी धोतर झाडलं, कुबड्या मागवून घेतल्या आणि अर्ज टेबलावर ठेवला.

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “वर आलात की तुम्ही. मग पास कशाला हवा?”

“खाली जायला,” गुरुजी म्हणाले.

साहेबांनी अर्ज बाजूला सारला. सिद्रामप्पा तिकिटांचे गठ्ठे न्यायला आले होते, ते दारात उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी लाल फडकं सोडलं.

“क्लार्कसायेब,” ते मला म्हणाले, “कचेरी म्हंजे काय?”

“म्हणजे ही. आपण बसलोय ती.”

“तसं न्हाय लिवलेलं.” त्यांनी तिसरं पान माझ्यापुढे धरलं. समितीची मोहोर आणि नोंदवही जिथे ठेवलेली असेल ते ठिकाण म्हणजे कार्यालय, असं तिथे छापलं होतं. सिद्रामप्पांनी माझ्या टेबलावरच्या मोहोरेकडे पाहिलं, नोंदवहीकडे पाहिलं आणि म्हणाले, “उचला.”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पुस्तिकेकडे पाहत होते. मी उचललं.

त्या दिवसापासून दर सोमवारी आणि गुरुवारी आमची कचेरी खाली पानपट्टीशेजारी लिंबाच्या झाडाखाली भरू लागली. एक टेबल, एक खुर्ची, मोहोर, वही. पहिला पास गुरुजींना मिळाला. पंधरा दिवसांत साठेक माणसं आली. कुणी काठीवर, कुणी हातगाडीवर, एक आजोबा मुलाच्या पाठीवर. साहेब वरच बसून राहिले. तेव्हा सिद्रामप्पा वर गेले आणि अतिशय काळजीने त्यांना म्हणाले, “सायेब, सोमवार-गुरुवार कचेरी खाली असतीय. तुमी हितं हजेरीची सही केली तर ती कचेरीभायेर हुतीय. तुमचीच गैरहजेरी लागायची उगं.” साहेब आठवड्यातून दोनदा जिना उतरून सही करू लागले. त्यांचा गुडघा दुखायचा, हे आम्हाला तेव्हा कळलं.

वर्ष उलटल्यावर पासाच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: ‘अपंगत्वात सुधारणा झाली आहे काय?’ गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘प्रयत्न चालू आहेत.’ साहेबांनी उत्तर संदिग्ध म्हणून फॉर्म परत केला. इतर कुणी रागावलं असतं. सिद्रामप्पांनी लिंबाखाली दोन साक्षीदार बोलावले, पानवाला आणि हुसेनभाई, आणि रीतसर पंचनामा केला: ‘डाव्या पायाची गुडघ्याखाली समक्ष पाहणी केली. पाय आढळून आला नाही.’ फॉर्म मंजूर झाला. गुरुजींनी पंचनाम्याची नक्कल मागून घेतली आणि पुढे कैक दिवस ती खिशात बाळगली.

पण सिद्रामप्पांचा खरा कस लागला तो नरसम्मामुळे.

नरसम्मा शहराच्या पूर्व भागातली. जन्मसाल तिला ठाऊक नव्हतं. प्लेगात गाव सोडलं तेव्हा मी एवढी होते, म्हणून तिने हात दाखवला, त्यावरून मी साठच्या वर धरलं. जन्मभर मांडी घालून बिड्या वळल्या होत्या आणि आता दोन्ही गुडघे उभं राहायला तयार नव्हते. घरी डोळे गेलेला नवरा. पूर्वी मागावर बसायचा, आता नुसता माग ऐकायचा. दोघांचं पोट तिच्या बिडीच्या कार्डावर. कारखान्याचा शिरस्ता असा, की वळलेल्या बिड्या जिच्या नावाचं कार्ड तिनेच घेऊन जायच्या. दुसऱ्या हाताने पाठवलेला माल चालत नसे. काही दिवस शेजारच्याने तिला हातगाडीवर नेलं, मग त्याची हातगाडी गेली. कारखान्यातल्या माणसाने तिला सांगितलं, येत्या सोमवारी स्वतः आली नाहीस तर कार्ड बंद.

शेजारणींनी त्या दिवसापुरता टांगा करून तिला लिंबाखाली आणलं होतं आणि पास तिला लगेच मिळाला. मोहोर उमटवताना मला बरं वाटलं. मग तिने विचारलं, “बस कुठं येतो?”

मी थांब्याचं नाव सांगितलं. ती हसली. तो थांबा तिच्या बोळापासून तीन फर्लांग लांब होता. “तिथपर्यंत चालतो तर कारखान्यातच जात होतो की बाबा,” ती म्हणाली. तेलुगू माणसं बोलतात तसं मराठी ती बोले, स्वतःला पुल्लिंगात घालून.

आमचे नऊच्या नऊ थांबे मोठ्या रस्त्यांवर होते. ते समितीने जीपमधून फिरून ठरवले होते आणि जीप बोळात जात नव्हती. नवा थांबा हवा तर अर्ज, मग बैठक, मग स्थळपाहणी, मग रस्ता ज्यांच्या ताब्यात त्यांची खणायची परवानगी. चौदावा नियम साफ होता: बस थांब्याच्या खांबाजवळच थांबवावी, अन्यत्र थांबवणारा वाहक निलंबनास पात्र राहील. तो गुरुवार होता. सोमवारला चार दिवस होते.

सिद्रामप्पांनी तिला एवढंच सांगितलं, “अव्वा, सोमवारी सकाळी बोळाच्या तोंडाला बसून ऱ्हावा.”

मी म्हटलं, “अप्पा, निलंबित व्हाल.”

“का म्हणून? म्या काय नियम मोडणार हाय का?” ते जरा दुखावलेच.

पाचव्या क्रमांकाच्या थांब्याचा खांब काही दिवसांपूर्वी कडब्याच्या गाडीने आडवा केला होता. पुन्हा रोवायला रस्ता खणायची परवानगी मिळेना, म्हणून कंत्राटदाराने तो रंगाच्या रिकाम्या गोल डब्यात उभा करून भोवती सिमेंट ओतलं होतं. वर पाटी, खाली डबा. शुक्रवारी सिद्रामप्पा मला तिथे घेऊन गेले. समोर लाकडाची वखार. त्या थांब्यावर आजवर कुणी चढलं-उतरलं नव्हतं.

“ह्यो रोवलेला हाय का?” त्यांनी विचारलं.

“नाही. तात्पुरता आहे.”

“म्हंजे ठेवलेला हाय.”

“हो.”

त्यांनी दोन्ही हातांनी डबा जरासा हलवून पाहिला.

सोमवारी मी मुद्दाम बसमध्ये बसलो, अर्थात तांत्रिक कर्मचारी म्हणून सही करून. वखारीसमोर बस थांबली. सिद्रामप्पांनी घंटी दिली, कोण चढतं का पाहिलं, कुणी चढलं नाही. मग त्यांनी आणि हुसेनभाईंनी मिळून डब्यासकट खांब उचलला आणि बसमध्ये ठेवला.

पूर्व भागात शिरलो. बोळाच्या तोंडाशी नरसम्मा बिड्यांची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. आता पेच असा, की बस थांबवायला खांब हवा आणि खांब उतरवायला बस थांबवायला हवी. सिद्रामप्पांनी त्याचाही विचार केलेला होता. इंजिन बंद असल्यास बस कुठेही उभी राहू शकते, असा एकोणिसावा नियम. हुसेनभाईंनी किल्ली फिरवली. सिद्रामप्पांनी वहीत लिहिलं, ‘इंजिन बंद झाले.’ मग खांब उतरवून नरसम्मापासून चार पावलांवर ठेवला, सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं.

“अप्पा,” हुसेनभाई खिडकीतून म्हणाले, “गाडी खडीच है ना? तो अम्मा कू अब्बीच चढाव.”

“इंजिन बंद असताना प्रवासी घेता येत न्हाय. त्येच नियमात हाय, खालच्या वळीत.”

हुसेनभाईंनी पानाची पिंक टाकली, इंजिन सुरू केलं, बस दोन हात पुढे घेतली आणि खांबाशी थांबवली. सिद्रामप्पांनी साबणाचं एक लाकडी खोकं पायरीखाली ठेवलं. नरसम्मा त्यावर चढली, मग पायरीवर, मग आत. खोकं आत आलं, खांब आत आला, घंटी झाली.

“काय की तुमची बस,” नरसम्मा शेजारणीला म्हणाली. “पहिलं बंद पडतो, मग येतो.”

तिचं कार्ड चालू राहिलं.

पुढच्या आठवड्यात तिने त्या डब्याला हळदकुंकू लावलं. सिद्रामप्पांनी पुस्तिका चाळली. हळदकुंकवाबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. हळूहळू आणखी तीन बोळांना पाच नंबरचा थांबा मिळाला. वखारीसमोरही तो रोज दोनदा, वेळेवर, एक मिनिट ठेवला जाई, कारण ती त्याची मंजूर जागा होती. दिवसाकाठी आठ-दहा वेळा इंजिन बंद होई. हुसेनभाई कंबरेला हात लावून कण्हत, “अप्पा, मैं ड्रायव्हर हूं, हमाल नई,” आणि पुढच्या बोळाशी आधी तेच खाली उतरत. बारा-तेरा महिने हे असं चाललं. शहरात कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. थांबा आला, बस आली, माणसं गेली.

मग मुंबईहून तपासनीस आले. बुशशर्ट, चामड्याची बॅग, नऊ थांब्यांची यादी. जहागीरदारसाहेबांनी चहा, फराळ, शेंगाचटणीची पुडकी अशी तयारी ठेवली होती, पण त्यांना बसमधून फिरायचं होतं. ते मागच्या दाराजवळ गायकवाड गुरुजींच्या शेजारी बसले. समोर दोरीने बांधलेला, हळदकुंकू लावलेला खांब.

“हे काय आहे?” त्यांनी गुरुजींना विचारलं.

“थांबा.”

“कुठला?”

“पाच नंबर.”

“मग तो इथे कसा?”

“त्याची जागा अजून यायची आहे,” गुरुजी म्हणाले.

पहिल्या बोळाशी इंजिन बंद झालं, खांब उतरला, नरसम्मा चढली. तपासनीसांनी यादीत पाचवर खूण केली. पुढच्या बोळाशी पुन्हा पाच आला. त्यांनी चष्मा काढून पुसला. फेरी फिरून बस वखारीशी आली आणि तिथेही पाच आला, तेव्हा त्यांनी पेन बंद केलं.

“कंडक्टर, यातला खरा पाच कोणता?”

“खांब एकच हाय, सायेब. त्यातला खोटा कुठला काढू?”

“पण तुम्ही खांब बसमधून कसा काय नेता? कशाच्या आधारे?”

“सामान म्हणून.” सिद्रामप्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला. “रोज तिकीट फाडतोय त्येचं. पैलं तिकीट सोमवारचं हाय, बगा. एक दिवस चुकलेला न्हाय.”

मला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. तेरा महिने हा माणूस आपल्या पगारातून थांब्याचं सामानभाडं भरत होता. तपासनीसांनी गठ्ठ्यातलं पहिलं आणि शेवटचं तिकीट पाहिलं. मग ते नरसम्माकडे वळले. “आजी, या योजनेचा उपयोग होतो का?”

“योजना कुठं असतो मला ठाव नाही,” ती म्हणाली. “मी कामाला जातो.”

दोन महिन्यांनी पत्र आलं. थांब्यांविषयी या शहरात असलेली आस्था वाखाणण्याजोगी आहे. तथापि थांबा हलता असणं योजनेच्या हेतूशी विसंगत आहे. सबब कायमस्वरूपी पक्क्या थांब्यासाठी निधी मंजूर करण्यात येत असून तो याच योजनेतून, म्हणजे बस चालवण्याच्या रकमेतून, वळता करावा.

मी पत्र दोनदा वाचलं. साहेबांनी एकदाच वाचलं आणि पेढे मागवले.

थांबा सात रस्त्याला झाला. स्लॅबचा, प्रशस्त, बाकं असलेला. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून पाच पायऱ्या वर. संगमरवरी पाटीवर सतरा नावं. तो बांधून होईपर्यंत डिझेलचे पैसे संपले होते, बस एका आवारात पत्र्याखाली गेली होती, हुसेनभाई टेंभुर्णीला एका ट्रकवर लागले होते. उद्घाटनाला सिद्रामप्पा आले. त्यांच्या निवृत्तीला आठ दिवस राहिले होते. अध्यक्षांना ते ओळखीचे वाटले असावेत, कारण ते मुद्दाम जवळ आले.

“काय, कसा झालाय थांबा?”

सिद्रामप्पांनी थांब्याकडे पायापासून छपरापर्यंत पाहिलं. “चांगला झालाय सायेब. हालत न्हाय.”

त्या आठ दिवसांत त्यांनी नरसम्मासाठी एकदाच माझ्याकडे शब्द टाकला. “क्लार्कसायेब, कारखान्याला एक अर्ज लिवून बगा की.” मी लिहिला. उत्तर आलं, शिरस्ता सर्वांना सारखा. तिला पंधरा दिवसांची मुदत मिळाली, एवढंच. सिद्रामप्पांनी उत्तराची घडी केली आणि पुस्तिकेबरोबर लाल फडक्यात ठेवली. मग पुस्तिका काढून माझ्या टेबलावर ठेवली, कारण ती समितीची होती, आणि फडकं घेऊन गेले.

त्याच पंधरवड्यात समितीच्या मोडक्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा मीच बोली पुकारत होतो. खुर्च्या, एक कपाट, मोहोरेची पेटी. डब्यातल्या खांबाला कोण बोली लावणार? एकच हात वर झाला. सिद्रामप्पांनी पैसे भरले, पावती घेतली, पावतीवर ‘खांब, पाटीसह’ असं मला लिहायला लावलं. “पाटीसह,” त्यांनी दोनदा सांगितलं. मला वाटलं, आठवण म्हणून नेताहेत. माणसं निवृत्त झाली की घड्याळं नेतात, फोटो नेतात.

समिती गुंडाळली गेली. मला दुसऱ्या कचेरीत नोकरी लागली. वर्षभराने एका सकाळी काही कामासाठी शहरबसने पूर्व भागातून चाललो होतो. बस गच्च भरलेली. एका बोळाच्या तोंडाशी ड्रायव्हरने ब्रेक लावला.

“हितं कवा झाला ओ थांबा?” कंडक्टर मागून ओरडला.

“खांब हाय की,” ड्रायव्हर म्हणाला.

मी खिडकीतून पाहिलं. पाच नंबरची पाटी, रंगाचा डबा, ताजं हळदकुंकू. शेजारी धोतर-सदऱ्यातले सिद्रामप्पा, विभूतीचे तीन पट्टे, हातात साबणाचं खोकं. त्यांनी ते पायरीखाली ठेवलं. नरसम्मा पाटी सांभाळत चढली. कुणीतरी तिला जागा दिली.

त्यांनी मला पाहिलं. “बरं हाय का, क्लार्कसायेब?”

“बरं आहे. अप्पा, हा खांब इथे रोवूनच का टाकत नाही? रोज कशाला आणायचा?”

“रोवायला परवानगी लागतीय,” ते म्हणाले. “म्या नुसता ठेवलाय.”

घंटी झाली. बस सुटली. मी मागच्या काचेतून पाहत होतो. त्यांनी खोकं काखेत मारलं, दोन्ही हातांनी खांब तिरपा केला आणि डबा त्याच्या काठावर फिरवत फिरवत बोळात न्यायला लागले. वाकलेला माणूस, तिरका खांब, पाटी डोक्याशी डुलत होती. धुळीत त्या डब्याची वळणावळणाची रेघ उमटली होती आणि तिच्याखाली कालची, परवाची, अशा कितीतरी.

“ओ, ते म्हातारं खांबच न्यायलंय की,” कंडक्टर म्हणाला.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

“नेऊ दे,” तो म्हणाला. “सांजच्याला पल्याडच्या अंगाला ठेवतंय.”